भिंतीपलीकडचा पंप

हार्डवेअर निवडणं हा त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. असं लोक म्हणत नसत, तो स्वतःच म्हणायचा, आणि बहुतेक वेळा कुणी विचारलेलं नसताना म्हणायचा. इमारतीत कुणाला फोन घ्यायचा असो, कुणाच्या लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा असो, माणसं आधी तळमजल्यावर त्याच्या दारात येत. सगळे त्याला ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणत. कॉम्प्युटरवाले मग खुर्चीत मागे रेलत, चष्मा काढून हातात घेत आणि सांगत, “आधी गरज काय ते ठरवा. गरज ठरली की मशिन आपोआप ठरतं. लोक उलटं करतात, मशिन बघतात आणि मग गरज शोधत बसतात!” हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की समोरचा माणूस गेल्यावर तो ते बायकोलाही ऐकवायचा. बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून न चिडण्याची तिला सवय होती.

एक दिवस त्याच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की खोलीभर पसरलेले जुने सर्व्हर आता काढायचे आणि एकाच दणकट मशिनच्या पोटात सगळे बसवायचे. बाहेरून बघाल तर मशिन एकच, पण आत दहा मशिनं नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचंच आहे. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. हे ज्याला जमेल त्याच्या हाती नवा विभाग मिळणार होता. साहेबांचं बोलणं पुरतं संपायच्या आत आपल्या गड्याचा हात वर! घरीच चाचणीसाठी लॅब उभारतो, तीही स्वस्तात, आणि महिनाअखेरीला सगळं चालवून दाखवतो, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगून बसला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला समजावलं.

“एक मशिन. आणि त्याच्या आत दहा मशिनं.”

“म्हणजे पुसायची किती?”

“एकच.”

“मग हरकत नाही,” बायको म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

रविवारी मेहुणा आला होता. तोही कॉम्प्युटरच्याच धंद्यातला, पण वयानं लहान, म्हणून भाऊजींच्या लेखी त्याला फारसं काही कळत नव्हतं. त्यानं अशीच लॅब स्वतःच्या घरी केली होती, एका ऑफिसातून निघालेल्या छोट्याशा मशिनवर. जेवणाच्या डब्याएवढं ते मशिन. त्यात मेमरी तेवढी वाढवून टाकली होती आणि ते पुस्तकांच्या कपाटात निमूट पडून असायचं. “शिकायला तेवढं पुरतं, भाऊजी,” तो म्हणाला. “आणि घरात ठेवायचं आहे, तेव्हा आवाज आणि वीज आधी बघा.”

भाऊजी हसले. ते खेळणं आहे, असं त्यांनी सांगितलं. लॅब कशी लॅबसारखी दिसली पाहिजे. मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं, बहिणीनं छताकडे बघितलं, आणि विषय संपला.

बंद पडलेल्या ऑफिसांचा माल विकणारा एक दुकानदार आपल्या गड्यानं हेरून ठेवला होता. तिथं टेबलांच्या आणि तुटक्या खुर्च्यांच्या मागे तो दिसला. खराखुरा सर्व्हर! लांबलचक, काळा, दोन प्रोसेसर, मेमरी तर इतकी की त्यानं आकडा दोनदा विचारला. बँकेत किंवा दवाखान्यात कपाटात रचून ठेवतात तसला. आधी गरज ठरवा म्हणणारा माणूस त्या मशिनसमोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांसमोर भराभर गरजा उभ्या राहू लागल्या. दहा कशाला, यात तीस मशिनं बसतील. तीस कशाला हवीत, ते नंतर बघता येईल.

तरी त्यानं मेहुण्याच्या शब्दाचा मान राखला आणि चालू करून दाखवा म्हणाला. दुकानदारानं बटण दाबलं. दिवे लागले.

“आवाज येतो का हो याचा?”

“तुम्हाला येतोय का?” दुकानदार ओरडून म्हणाला.

त्याला ओरडावं लागलं, कारण दुकानाला लागून लोखंड कापायचं वर्कशॉप होतं आणि तिथं त्या वेळी गजांवर करवत चालली होती. आपल्या गड्यानं मशिनला कान लावला, मान हलवली आणि तोही ओरडून म्हणाला, “अजिबात नाही! एकदम शांत आहे!”

ते शांत मशिन घरी आलं. दोघांनी धरलं तरी कंबर धरेल असं वजन. मागच्या छोट्या खोलीत त्यानं ते भिंतीला लागून टेबलावर ठेवलं आणि बायकोला मुद्दाम बोलावून बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग आतले सगळे छोटे पंखे एकदम सुटले. खिडकीची काच थरथरली, टेबलावरचे कागद उडाले, आणि बायकोनं काहीतरी विचारलं ते त्याला फक्त दिसलं, ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं पंखे दमले आणि आवाज खाली येऊन एका घुंईऽऽ अशा जाड सुरावर स्थिरावला. “बघ, झालं शांत,” तो म्हणाला. बायकोनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्यापुढे ते उघडायचं कारण तिनं ठेवलं नाही.

आता त्या खोलीच्या भिंतीपलीकडे काय होतं ते सांगायला हवं. पलीकडे इमारतीची पंपाची खोली होती. पंप खाली तळघरात, त्याचं बटण या खोलीत, आणि बटणापाशी लाकडी खुर्ची टाकून बसलेले पंपवाले काका. खालचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं काम त्यांचं. बटण जुन्या काळचं, एकच. दाबलं की पंप चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असल्याचं सांगणारा दिवा केव्हाच गेला होता आणि कुणी बदलला नव्हता, कारण काकांना दिव्याची गरज नव्हती. भिंतीतून येणाऱ्या घुमण्यावरून त्यांना कळायचं पंप चालू आहे की बंद, आणि टाकी भरली की ओसंडणाऱ्या पाण्याची धार नळीतून ऐकू यायची. आजवर त्यांचा अंदाज चुकला नव्हता. सगळी इमारत त्या कानांवर आंघोळ करत होती म्हणा ना.

आणि आता भिंतीतून दिवसभर घुंईऽऽ!

काका सकाळी आले की त्यांना वाटायचं, पंप लावलेलाच आहे. ते खुर्चीवर बसून राहायचे आणि वर टाकी कोरडी ठाक. बायका तोंडाला साबण लावून बाल्कनीतून हाका मारायच्या. मग काका बटण दाबायचे. टाकी भरली की पुन्हा दाबायचे. पंप बंद व्हायचा, पण घुमणं चालूच! दाबलं गेलं नाही वाटतं, म्हणून ते आणखी एकदा दाबायचे. पंप परत चालू. मग गच्चीवरून पाण्याचे लोट, जिन्यात तळं, आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी चिंब.

आपला गडी यात कुठे होता? सगळ्यांच्या पुढे! ऑफिसला निघताना जिन्यातल्या पाण्यातून पँट वर धरून जाताना त्यानं सेक्रेटरीबाईंना गाठलं. या बाई पूर्वी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि इमारतीचा कारभार अजून बँकेसारखाच चालवत. “माणसाच्या कानावर अवलंबून राहायचं म्हणजे असंच होणार,” त्यानं सांगितलं. “या कामाला माणूस लागतोच कशाला? टाकीत सेन्सर टाका, पंप आपोआप चालू, आपोआप बंद.” बाईंना ते पटलं. काकांचंही वय झालंच होतं. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच एखादं चांगलं आणि स्वस्तातलं यंत्र निवडून द्या.

“डाव्या हाताचा मळ आहे माझ्या,” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी पंपवाले काका त्याच्या दारात उभे. चपला बाहेर काढून, दोन्ही हातांत टोपी धरून. त्याला वाटलं, सेन्सरचं कळलं असणार, आता गयावया करतील. त्यानं मनात उत्तर जुळवायला घेतलं. काका खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही मशिनीतलं जाणता. कानाचं यंत्र घ्यायचं आहे. कमी पैशातलं कुठलं चांगलं, ते सांगाल?”

“तुम्हाला? तुमचे कान तर...”

“गेले साहेब.” काकांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं. “बहिरेपण असतं तर समजलं असतं. हे उलटंच. नसलेलं ऐकू येतं. आता आत्ताच पंप बंद करून आलो, चार वेळा तपासलं, तळघरात उतरून हात लावून बघितला. बंद आहे. आणि इथं तुमच्या घरात बसलोय तरी मला तो ऐकू येतोय.”

मागच्या खोलीच्या बंद दारामागून सर्व्हर घुमत होता. घुंईऽऽ.

त्याच्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला, आणि पडला तो असा की त्याच्या हातातला चष्मा खाली पडला. जरा आलोच, असं पुटपुटून तो मागच्या खोलीत गेला आणि त्यानं सर्व्हर बंद केला. परत आला तेव्हा काका मान तिरकी करून बसले होते.

“थांबला,” ते हळूच म्हणाले. “बघा, असं होतं. येतो आणि जातो. घरी सांगितलं तर लेक रडायला लागली.”

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्याला जिन्यातलं स्वतःचं भाषण आठवलं, बाईंची मान डोलावणं आठवलं, महिनाअखेर आठवली. बघतो, चांगलं यंत्र शोधतो, असं काहीतरी तो बोलला. काकांनी हात जोडले. तो हात जोडलेला माणूस दारातून बाहेर गेला तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेला नाही, उठला आणि गादी शोधायला लागला.

कारण त्याच्या तांत्रिक डोक्यानं मधला मार्ग काढला होता. आवाज भिंतीपलीकडे गेला नाही म्हणजे झालं! त्यानं पाहुण्यांची गादी भिंतीला उभी केली, दुसरी सर्व्हरच्या मागे लावली, वरून रजई घातली. बायको शाळेतून आली तेव्हा मशिन आजारी माणसासारखं पांघरुणात होतं. बायकोनं विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं, काकांच्या लेकीसकट.

“तू सांगणार आहेस, की मी सांगू?”

“महिनाअखेर होऊ दे. मग लगेच सांगतो.”

“आणि तोपर्यंत त्यांनी वेडं व्हायचं?”

त्यानं रजई नीट केली.

दुसऱ्या दिवशी तो आतल्या मशिनांना कामाला लावून ऑफिसला गेला. रजईत गुदमरलेला सर्व्हर तापला. तापल्यावर सर्व्हर काय करतो? पंखे वाढवतो. घुंईची घर्रर्र झाली. काकांनी ऐकलं, पंप बिघडला म्हणून घाबरून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मग दाबतच राहिले. संध्याकाळी तो परतला तेव्हा जिन्यावरून पाणी पायरी पायरीनं उतरत होतं, सेक्रेटरीबाईंचा गालिचा कठड्यावर निथळत होता, आणि सगळी इमारत खाली वाहनांच्या जागेत जमली होती. मधोमध काका उभे होते. खाली मान घालून.

बाई शांतपणे बोलल्या. काकांनी पुष्कळ वर्षं सेवा केली, कुणाची तक्रार नाही, पण आता त्यांनी विश्रांती घ्यावी. काकांनी मान हलवली. ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, मला स्वतःलाच माझा भरवसा राहिला नाही. बाई आपल्या गड्याकडे वळल्या. “कॉम्प्युटरवाले, ते यंत्र ठरलं का?”

गर्दीत बायको उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती.

“पंप नाहीये तो,” तो म्हणाला.

कुणाला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. मागची खोली, सर्व्हर, भिंत, गाद्या. हेही सांगितलं की काका कानाचं यंत्र विचारायला आले तेव्हाच त्याला कळलं होतं आणि तरी तो गप्प बसला. बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्यांना ‘काय म्हणतात?’ असं विचारावं लागलं आणि पुढच्यांना ते मोठ्यानं पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे त्याची लाज सगळ्यांनी दोनदा ऐकली.

आणि कुणी विश्वास ठेवला नाही! दुसऱ्या मजल्यावरचे वकील गहिवरून म्हणाले, किती मोठं मन! गरीब माणसाची नोकरी वाचावी म्हणून स्वतःवर ओढून घेतायत. कॉम्प्युटरचा का कुठं पंपाएवढा आवाज होतो? दोघीतिघींनी डोळे पुसले. कुणीतरी टाळी वाजवली. वाईटपणा कबूल केल्याबद्दल कौतुक होतंय, याहून कानकोंडं करणारी गोष्ट त्याच्या आयुष्यात घडली नव्हती. तो हात जोडून म्हणू लागला, अहो मी खरंच वाईट वागलो, माझं ऐका! तसतसा त्याचा मोठेपणा वाढतच गेला.

“चला, दाखवते,” बायको म्हणाली आणि सगळ्यांना घरात घेऊन गेली.

मागच्या खोलीत मावतील तेवढे शिरले, उरलेले स्वयंपाकघरापर्यंत उभे राहिले. त्यानं रजई काढली. सर्व्हर इतका तापला होता की आपला आपणच बंद पडला होता. त्यानं बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही, आणि मग पंखे सुटले. काच थरथरली, वकिलांचे केस उभे राहिले, आणि सेक्रेटरीबाई सवयीनं दाराकडे वळून ओरडल्या, “काका, पंप बंद करा!”

मग त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. आवाज खाली येऊन घुंईऽऽवर थांबला तेव्हा खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. काका पुढे आले. त्यांनी मशिनवर हात ठेवला, भिंतीला कान लावला, परत मशिनजवळ आले.

“हाच तो,” ते म्हणाले. आणि मग, “म्हणजे माझे कान...”

आपल्या गड्याला मान वर करता येईना. काकांनी रागवावं, दोन शब्द सुनवावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. काकांनी एवढंच विचारलं, “याला बंद करायचं बटण कुठलं, साहेब?”

त्यानं दाखवलं. काकांनी दाबलं. आवाज थांबला. काका तसेच उभे राहिले, कान देऊन, बटणावर बोट ठेवून. आवाज थांबलेलाच राहिला. मग ते हसले, आणि लेकीला सांगून येतो म्हणून चपलासुद्धा न घालता निघाले.

पुढचं थोडक्यात. सर्व्हर दुकानदाराकडे परत गेला. महिनाअखेरीला त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि तसं त्यानं साहेबांना सांगितलं. नवा विभाग त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मिळाला, त्यांनी घरी डब्याएवढं मशिन आणलं होतं. पंपाचा दिवा त्यानं स्वतःच्या हातानं बदलला. सेक्रेटरीबाईंनी बँकेच्या शिस्तीला धरून एक शिक्षा दिली, टाकी भरली की नाही हे रोज सकाळी कॉम्प्युटरवाल्यांनी गच्चीवर जाऊन बघायचं आणि खाली येऊन काकांना सांगायचं. काकांना ते त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असायचं. पण ते कधी तसं म्हणाले नाहीत, ‘बरं साहेब’ म्हणायचे, आणि तो जिन्यातच शरमायचा.

शेवटी मेहुण्यानंच एक छोटं मशिन आणून दिलं. शिकायचं तर होतंच. त्यानं ते मागच्या खोलीत त्याच टेबलावर ठेवलं, जोडलं, बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. त्याला भरून आलं. धावत जाऊन त्यानं काकांना बोलावून आणलं. आता भिंतीतून तुम्हाला कधी त्रास होणार नाही, याची त्यांना खात्री पटवायची होती. आणि खरं सांगायचं तर थोडी जुनी खुमखुमीही परत आली होती.

“बघा काका! याला म्हणतात निवड. चालू आहे, आणि आवाज म्हणून नाही. लावा कान, लावा.”

काका वाकले. मशिनला कान लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग सरळ झाले. त्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“साहेब, बंद आहे.”

“अहो, नाही! ते शांतच असतं. तुम्हाला ऐकू येणार नाही.”

दारात उभ्या असलेल्या बायकोनं आत येऊन भिंतीवरचा खटका खाली केला. मशिनवर हिरवा दिवा लागला.